रोस्त: नॉर्वेच्या टोकावरची नगरपालिका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लोफोतेनचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात: लाल लाकडी घरं, मागे सुळके, वर हिरवा उत्तरप्रकाश. रोस्त लोफोतेनमध्येच येतं, पण त्या फोटोंत सहसा दिसत नाही. इथे डोंगराखाली गाव नाही. सपाट बेट आहे, आणि त्यावर मासळी वाळत घातलेली आहे. नॉर्वेत राहणारी मराठी मंडळी, फिरायला येणारे पाहुणे आणि नुसती उत्सुकता असलेले वाचक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

रोस्त नेमकं कुठे आहे?

नॉर्वेच्या नॉर्डलँड परगण्यात, लोफोतेन द्वीपमालेच्या अगदी शेवटाला. बोडो शहरापासून पश्चिमेला सरळ समुद्रात साधारण १०० किलोमीटर. अक्षांश साडेसदुसष्टच्या आसपास, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्या बरंच वर. लोफोतेनची मुख्य बेटं पूल आणि बोगद्यांनी जमिनीशी जोडलेली आहेत, रोस्त नाही. मध्ये वेरोय नावाचं दुसरं बेट आणि भरपूर पाणी आहे.

वर्षाच्या दिवसांइतकी, म्हणजे ३६५ बेटं इथे आहेत असं गाववाले सांगतात. मोजत बसू नये. भरती-ओहोटीबरोबर आकडा बदलतो आणि निम्मी बेटं म्हणजे नुसते खडक. लोकवस्ती मुख्यतः रोस्तलांदे या बेटावर आणि त्याला लागून असलेल्या छोट्या बेटांवर. हे मुख्य बेट इतकं सपाट, की सर्वात उंच जागा दहा-बारा मीटरची. डोंगर आहेत ते नैर्ऋत्येला, वेगळ्या बेटांवर: वेदोया, स्तूरफ्येले, ट्रेन्यूकेन. स्तूरफ्येलेची उंची अडीचशे मीटरच्या वर जाते. तिथे राहतात ते पक्षी.

लोकसंख्या किती?

पाचशेच्या आत-बाहेर, आणि कल घटण्याकडे. १९२८ साली ही नगरपालिका झाली तेव्हा सातशेहून जास्त माणसं होती. जमिनीचं क्षेत्रफळ जेमतेम दहा-अकरा चौरस किलोमीटर.

एवढ्याशा वस्तीला स्वतंत्र नगरपालिका कशाला?

हा प्रश्न नॉर्वेतही विचारला जातो, आणि दर दहा-वीस वर्षांनी कुणीतरी मंत्री तो नव्याने विचारतो. रोस्त पूर्वी वेरोय नगरपालिकेचा भाग होतं. १ जुलै १९२८ रोजी ते वेगळं झालं. कारण नकाशावर दिसतं. दोन बेटांच्या मध्ये उघडा समुद्र आहे, आणि हिवाळ्यात सभेला जायचं म्हणजे हवामानाची मर्जी सांभाळायची.

२०२० साली नॉर्वेत मोठी विलीनीकरणाची लाट आली. चारशेच्या वर असलेल्या नगरपालिका ३५६ वर आल्या. रोस्त त्यातून सुटलं. माझ्या मते बरंच झालं. कागदावर दोन कार्यालयं एक केली म्हणून फेरीबोट लवकर पोचत नाही, आणि आजीला जेवण भरवायला लागणारा माणूस शेवटी त्याच बेटावर असावा लागतो.

ही नगरपालिका नक्की करते काय?

नॉर्वेत नगरपालिकेला ‘कोम्मुने’ म्हणतात, आणि तिच्यावर भार मोठा असतो. बालवाडी, दहावीपर्यंतची शाळा, डॉक्टर, वृद्धांची सेवा, पाणी, सांडपाणी, बांधकाम परवाने, बंदराच्या सोयी, ग्रंथालय. सात लाखांच्या ओस्लोवर कायद्याने जी जबाबदारी आहे, जवळजवळ तीच पाचशेच्या रोस्तवर आहे. पैसा बराचसा केंद्र सरकारकडून येतो, त्यामुळे हे चालतं.

निवडणूक दर चार वर्षांनी सप्टेंबरमध्ये होते, मागची २०२३ साली झाली. पाच हजारांच्या आतल्या गावाला कायद्याने किमान ११ सदस्य लागतात. पाचशे माणसांतून अकरा सदस्य काढायचे म्हटल्यावर प्रत्येक घरात नाही तरी प्रत्येक गल्लीत एक नगरसेवक असतो. महापौर बाई किंवा बुवा दुकानात दूध घेताना भेटतात आणि रस्त्यावरच्या खड्ड्याचं गाऱ्हाणं तिथेच ऐकवता येतं. याची एक अडचणही आहे. ज्याचा बांधकाम परवाना नाकारायचा, तो बहुधा तुमचा मेहुणा असतो.

परदेशी माणसाला तिथे मत देता येतं का?

नगरपालिकेच्या निवडणुकीत येतं. नॉर्वेत सलग तीन वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की भारतीय पासपोर्टवरही स्थानिक निवडणुकीत मतदान करता येतं, संसदेच्या निवडणुकीत मात्र नाही. ओस्लो-स्टावांगरमधल्या कितीतरी मराठी कुटुंबांना हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

लोक जगतात कशावर?

कॉड मासा. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

बॅरेन्ट्स समुद्रात वाढलेला कॉड वयात आला की अंडी घालायला दक्षिणेकडे, लोफोतेनच्या किनाऱ्याला उतरतो. या स्थलांतर करणाऱ्या कॉडला ‘स्क्राय’ म्हणतात. जानेवारीत येऊ लागतो, मार्चमध्ये ऐन भरात असतो, एप्रिल सरता सरता परततो. त्या तीन-चार महिन्यांत रोस्तचं बंदर गजबजून जातं. बाहेरगावच्या होड्या येतात, खलाशी येतात, मासळी साफ करायला हंगामी कामगार येतात. त्यात पूर्व युरोपातले बरेच. वर्षाची कमाई या काळात होते. उन्हाळ्यात त्याच गावात गेलात तर सगळं झोपलंय असं वाटेल.

व्यवहाराची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मच्छीमाराने आणलेल्या कॉडची पहिली विक्री मच्छीमारांच्याच संघामार्फत होते, आणि तो संघ किमान भाव ठरवतो. १९३८ साली कायदा करून ही व्यवस्था आणली. त्याआधी व्यापारी सांगेल तो भाव, आणि मच्छीमार जन्मभर त्याच्या वहीत. कोकणच्या बंदरावर ज्यांनी लिलाव पाहिला आहे त्यांना या कायद्याची किंमत वेगळी सांगायला नको.

मासा वाळवतात कसा?

कॉड बंदरावर आला की डोकं कापतात, पोट फाडून साफ करतात. काळीज तेलासाठी बाजूला. कॉड लिव्हर ऑइलच्या पिवळ्या गोळ्या लहानपणी ज्यांच्या घशाखाली उतरवल्या गेल्या, त्या तेलाचं घराणं हेच. गाभोळी वेगळी. ती खारवून, वाटून, नळीत भरून पावाला लावायला विकतात, आणि नॉर्वेजियन मुलं ती डब्यात नेतात. जिभा कापायचं काम परंपरेने शाळकरी मुलांचं. लाकडी फळीला उभा लोखंडी खिळा असतो, त्यावर कॉडचं डोकं ठोकून बसवायचं, जीभ वर येते, सुरीचा एक फटका आणि जीभ बादलीत. सराईत पोरगं बोलता बोलता बादली भरतं. जिभेचे पैसे त्याचे त्याला मिळतात, आणि चांगले मिळतात. बाहेरून आलेल्या पालकांना हे दृश्य पचायला वेळ लागतो. तिथल्या आईबापांना मात्र मुलाने स्वतःच्या कमाईतून सायकल घेतली याचा अभिमान असतो.

मग मासे साधारण एका मापाचे निवडून दोन-दोन शेपटीशी सुतळीने बांधतात आणि लाकडी मांडवावर टांगतात. या मांडवाला ‘येल’ म्हणतात. गावाभोवती असे मांडव जिकडेतिकडे उभे. मीठ नाही, धूर नाही, भट्टी नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत वारा, थोडं ऊन, अधूनमधून पाऊस आणि शून्याच्या आसपासचं तापमान. त्यानंतर खाली उतरवून दोन-तीन महिने बंद कोठारात मुरवत ठेवतात. पाच किलो मासळीचा शेवटी साधारण एक किलो माल होतो, लाकडासारखा कडक. कोरडा ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो.

हे रोस्तलाच का जमतं?

तापमानामुळे. उबदार सागरी प्रवाह इथून जातो, त्यामुळे ध्रुववृत्ताच्या वर असूनही जानेवारीची सरासरी शून्याच्या किंचित वर असते. एवढ्या उत्तरेला इतका सौम्य हिवाळा जगात दुसरीकडे सापडणं कठीण. कडाक्याची थंडी पडली तर मासा गोठून आतून भुगा होतो. ऊब लवकर आली तर माशी बसते आणि माल कुजतो. या दोन्हींच्या मधली जी अरुंद पट्टी आहे, तिच्यात रोस्तचा हिवाळा बसतो. वर बेट सपाट, म्हणजे वारा कुठेच अडत नाही. ‘लोफोतेनचा सुका मासा’ या नावाला नॉर्वेत २००७ साली आणि युरोपीय संघात २०१४ साली भौगोलिक संरक्षण मिळालं. दुसरीकडे वाळवलेल्या मालाला ते नाव लावता येत नाही.

म्हणजे आपल्या सुक्या बोंबलासारखंच ना?

तत्त्व तेच. वर्सोव्याला किंवा अर्नाळ्याला वलांडीवर टांगलेले बोंबील पाहिले असतील तर रोस्तचा मांडव ओळखीचा वाटेल. बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगतात, कॉड शेपटीशी बांधून जोडीने. फरक वेळेचा. बोंबील उन्हात काही दिवसांत वाळतो, कॉडला तीन महिने लागतात, कारण इथे काम करतो तो वारा. पावसाची मात्र दोन्हीकडे सारखीच धास्ती.

वास येतो का?

येतो. फेब्रुवारीत फारसा नाही. एप्रिलमध्ये वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून. सुक्या मासळीच्या वासाने ज्यांना उलटी येते त्यांनी मांडवांच्या पलीकडच्या बाजूला खोली घ्यावी, तरी खात्री नाही. गाववाल्यांना विचारलंत तर ‘हा पैशाचा वास’ असं उत्तर मिळतं. नॉर्वेच्या सगळ्या किनाऱ्यावर हे उत्तर ठरलेलं आहे, तेव्हा हसून मान डोलवावी.

हा माल विकत कोण घेतं?

मुख्यतः इटली. वाळलेल्या माशांची प्रतवारी करणारा जाणकार असतो. तो एकेक मासा हातात घेतो, उजेडाकडे धरतो, मानेशी दाबून पाहतो, पोटाचा वास घेतो, आणि काही सेकंदांत वीसेक प्रतींपैकी एकीत टाकतो. ‘रान्यो’ ही सर्वांत वरची प्रत. नाव इटालियन, कारण गिऱ्हाईक इटालियन. अजून तरी या कामाला यंत्र आलेलं नाही.

डोकी वाया जात नाहीत. तीही वाळवतात आणि नायजेरियाला जातात. तिथल्या इग्बो भागात सुक्या कॉडला ‘ओकपोरोको’ म्हणतात आणि रस्स्यात तो हवाच असतो. हाच भाग बियाफ्रा नावाने नायजेरियातून फुटू पाहत होता, त्या युद्धात, १९६७ ते १९७० या काळात, मदतीच्या धान्याबरोबर नॉर्वेचा सुका मासा तिथे गेला. प्रथिनं भरपूर आणि टिकायला शीतपेटी नको. चव आधीची होती, पण त्या काळाने ती आणखी घट्ट केली.

मध्ययुगात हाच माल होड्यांनी बर्गेनला जायचा, आणि तिथून हान्सा, म्हणजे उत्तर जर्मन शहरांच्या संघाचे व्यापारी तो युरोपभर पोचवायचे. बदल्यात धान्य यायचं, कारण रोस्तवर धान्य पिकत नाही. उधारी कधी फिटायची नाही, तो भाग वेगळा.

क्वेरिनी कोण? बेटावर सगळीकडे त्याचं नाव का दिसतं?

पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा उमराव आणि व्यापारी. त्या वेळी व्हेनिसच्या ताब्यात असलेल्या क्रीटहून तो एप्रिल १४३१ मध्ये ६८ माणसं घेऊन निघाला. जहाजात माल्व्हासिया मद्याची पिंपं आणि मसाले, जायचं होतं आजच्या बेल्जियमच्या बाजूला, फ्लँडर्सला. वाटेत वादळांनी गाठलं. सुकाणू तुटलं, शिडं फाटली, आणि जहाज आयर्लंडच्याही पलीकडे वाहत गेलं. डिसेंबरच्या मध्यावर जहाज सोडून सगळे दोन होड्यांत उतरले. लहान होडी एकवीस जणांसकट नाहीशी झाली. मोठ्या होडीतले तहानेने, थंडीने एकेक करत गेले.

जानेवारी १४३२ च्या पहिल्या आठवड्यात उरलेले एका ओसाड, बर्फाने झाकलेल्या बेटावर लागले. ते सान्दोया, रोस्तच्याच पुंजक्यातलं. खडकावरच्या शिंपल्यांवर आणि किनाऱ्याला लागलेल्या एका प्रचंड मेलेल्या माशावर त्यांनी दिवस काढले. महिन्याभराने हरवलेली गुरं शोधायला आलेल्या बापलेकांना धूर दिसला. अकरा जण वाचले.

क्वेरिनी आणि त्याचे साथीदार पुढे सुमारे साडेतीन महिने रोस्तच्या घरांत राहिले. परत गेल्यावर त्यांनी जे लिहिलं, ते १५५९ साली व्हेनिसला छापलेल्या एका प्रवासवृत्तांच्या संग्रहात आलं. पंधराव्या शतकातल्या उत्तर नॉर्वेतल्या साध्या माणसांबद्दल इतकं जवळून लिहिलेलं दुसरं फार थोडं सापडतं. बेटावर १२० माणसं. घरं लाकडी, गोलसर, उजेडाला छपरात एकच भोक. खाणं मासे, दूध, लोणी. पाहुणे आणि यजमान एकाच खोलीत झोपायचे, यजमानीणबाई कपडे उतरवून निजायच्या, आणि परक्या पुरुषांपुढे कुणाला संकोच नव्हता की संशय. व्हेनिसच्या बंद खिडक्यांतून आलेल्या या माणसाला ते इतकं विलक्षण वाटलं, की आपण स्वर्गाच्या पहिल्या वर्तुळात होतो असं त्याने लिहून ठेवलं. आजचे रोस्तकर हे वाक्य तोंडपाठ म्हणतात, आणि मग बाहेरच्या पावसाकडे बोट दाखवतात.

त्याच वृत्तांतात सुक्या माशाचं वर्णन आहे. मिठाशिवाय, वाऱ्यात आणि उन्हात वाळवलेला, लाकडासारखा कडक, खायच्या वेळी कुऱ्हाडीच्या पाठीने ठेचून तंतू सुटे करायचे, वर लोणी आणि मसाला. मे १४३२ मध्ये ते निघाले तेव्हा शिदोरीला हेच सुके मासे होते. ऑक्टोबरमध्ये क्वेरिनी घरी पोचला.

म्हणजे इटलीला हा मासा क्वेरिनीने नेला?

तसं सांगतात. मला ते फार पटत नाही. एका माणसाच्या शिदोरीने बाजारपेठ उभी राहत नाही. सुका मासा युरोपात त्याच्या आधीपासून फिरत होता, आणि इटलीत तो खऱ्या अर्थाने पसरला तो पुढच्या शतकात, चर्चने उपासाच्या दिवसांचे नियम आवळल्यावर. मांस वर्ज्य, मासा चालतो, आणि डोंगराळ गावात ताजा मासा कुठून आणणार? पण गोष्ट चांगली आहे आणि दोन्हीकडच्या लोकांनी ती मनावर घेतली आहे. १९३२ साली, पाचशे वर्षं झाली म्हणून, सान्दोयावर स्मारकस्तंभ उभारला. इटलीतल्या व्हिचेंझाजवळचं सान्द्रिगो हे गाव रोस्तचं जुळं गाव आहे. तिथे या माशाच्या पाककृतीला वाहिलेली मंडळी १९८७ पासून रीतसर कार्यरत आहे आणि दर वर्षी जत्रा भरते. २०१२ साली तर पाचशे-साडेपाचशे वस्तीच्या या बेटावर क्वेरिनीवरचा ऑपेरा उभा राहिला. गायक बाहेरचे होते, पण समूहात आणि मांडवाच्या खटपटीत गाव होतं.

पफिन पक्षी पाहायला मिळतील का?

मिळतील, पण पूर्वीइतके नाहीत, आणि त्यामागचं कारण समजून घेऊन जावं.

रंगीत चोचीचा हा पक्षी एप्रिलमध्ये नैर्ऋत्येच्या डोंगरी बेटांवर येतो, जमिनीत बीळ करून एकच अंडं घालतो आणि ऑगस्टपर्यंत निघून जातो. १९७९ च्या सुमारास रोस्तमध्ये १४-१५ लाख जोड्या होत्या. आज त्याच्या पंचमांशाच्या आसपास उरल्या आहेत. हेर्न्यूकेन या बेटावर संशोधक कित्येक दशकं दर उन्हाळ्यात बिळांत हात घालून पिल्लं मोजत आले आहेत, त्यामुळे ही घसरण नीट नोंदलेली आहे. पिल्लांचं खाणं म्हणजे हेरिंगची कोवळी पिलावळ, जी प्रवाहाबरोबर रोस्तवरून वाहत जाते. १९६० च्या दशकाच्या अखेरीला बेसुमार मासेमारीने हेरिंगचा साठा कोसळला आणि पिल्लं बिळात उपाशी मेली. साठा पुढे सावरला, पण कोवळी हेरिंग दर वर्षी भरपूर येतेच असं नाही. २००७ पासूनचे बहुतेक हंगाम वाईट गेले. पफिन तीस वर्षंही जगतो, म्हणून थवे अजून दिसतात. दिसतात ते म्हातारे.

जून-जुलैमध्ये स्थानिक होडीवाले बेटांना फेरी मारून आणतात. संध्याकाळची फेरी घ्या, पक्षी तेव्हा घरट्याकडे परततात. बेटांवर उतरायचा हट्ट धरू नका.

घरांच्या खिडक्यांवर घरटी करणारे ते पक्षी कुठले?

किट्टिवेक, समुद्री गलचा नाजूक भाऊबंद. वेदोयाच्या कड्यावर त्यांची हजारोंनी वस्ती होती, ती जवळजवळ रिकामी झाली. गरुडांचा त्रास आणि अन्नाची वानवा. काही जोड्यांनी मग गावातल्या इमारती पसंत केल्या. घाण आणि कलकलाट सोसून राहणारे रोस्तकर आहेत, आणि वैतागलेलेही आहेत.

समुद्राखाली काही विशेष आहे म्हणतात?

आहे. रोस्तच्या पश्चिमेला ३०० ते ४०० मीटर खोल, काळोखात, थंड पाण्यातल्या प्रवाळांचं मोठं खडकरान आहे, सुमारे ३५ किलोमीटर लांब. २००२ साली सापडलं तेव्हा खोल पाण्यातलं असं जगातलं सर्वांत मोठं ज्ञात रान ठरलं. पुढच्याच वर्षी तिथे तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना बंदी झाली. पर्यटकाला यातलं काहीही दिसत नाही.

आणि तेल?

लोफोतेनच्या भोवतालच्या समुद्रतळात तेल असावं असा अंदाज आहे. काढायचं की नाही यावर नॉर्वेत पंचवीस वर्षं वाद चालू आहे. आजवर प्रत्येक सरकारने हा भाग बंद ठेवला, बहुधा आघाडीतल्या छोट्या पक्षांच्या अटीमुळे. कॉड अंडी घालतो तिथेच विहिरी खोदायच्या का, हा खरा मुद्दा. गावातही मतं सरळ दोन नाहीत. ज्याच्या मुलाला बेटावर नोकरी हवी आहे तो थोडं वेगळं बोलतो.

पाहण्यासारखं अजून काय?

स्कोमवेरचं दीपगृह, पुंजक्याच्या शेवटच्या बेटावर, १८८७ साली पेटलं. चित्रकार थेओदोर किट्टेल्सेन त्याच सुमारास दोनेक वर्षं तिथे बहिणीकडे राहिला, तिचा नवरा दीपगृहावर होता. नॉर्वेजियन मुलांच्या मनातले राक्षस आणि समुद्रभुतं ज्याने रेखाटली, तो हाच. १९७८ पासून दिवा आपोआप चालतो, माणूस राहत नाही.

रोस्तच्या चर्चमधलं वेदीचित्र सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. डॅनिश-नॉर्वेजियन राजाला दिलेल्या नेदरलँड्सच्या राजकन्येने, एलिसाबेथने, किनाऱ्यावरच्या चर्चना जी पाच चित्रं दिली असं मानतात, त्यांतलं एक. मासळीच्या गावात ते बघून चकित व्हायला होतं. जुन्या दगडी चर्चचे अवशेषही जवळच आहेत. बाकी सायकल घ्या. सगळं बेट अर्ध्या दिवसात होतं, चढ नाही, वारा मात्र जाताना आणि येताना दोन्हीकडून समोरून आल्यासारखा वाटतो.

जायचं कसं आणि कधी?

बोडोहून छोटं विमान आहे, धावपट्टी आखूड, १९८६ सालची. किंवा फेरीबोट, जी बोडो, वेरोय, रोस्त आणि मोस्केनेस यांना जोडते. थांब्यांप्रमाणे चार तासांपासून बऱ्याच जास्त वेळापर्यंत लागतो. रस्त्याने न जोडलेल्या बेटांच्या फेऱ्या सरकारने अलीकडे मोफत केल्या, त्यात ही येते. वादळात दोन्ही बंद पडतात. परतीच्या विमानाला जोडून दुसऱ्या दिवशीचं भारताचं तिकीट काढू नका.

पक्ष्यांसाठी आणि मध्यरात्रीच्या सूर्यासाठी जून. मासळीचा धंदा पाहायचा तर मार्च. हॉटेलांची रांग नाही, मोजक्या खोल्या आहेत, तेव्हा आधी फोन करा. मला विचाराल तर मार्च. थंडी, ओला वारा, करडं आकाश, पण गाव जागं असतं. जूनमध्ये येणारे फोटो घेऊन जातात आणि ‘शांत आहे’ म्हणतात. एवढी शांतता कुणीतरी मार्चमध्ये कमावलेली असते.

शाकाहारी माणसाचं काय?

दुकान आहे, भाजी मिळते, बोट चुकली तर पानकोबी आणि बटाटे. तुमची डाळ तुमच्याबरोबर न्या.

मुलांची शाळा, दवाखाना?

दहावीपर्यंत शाळा बेटावर. वर्ग छोटे, वेगवेगळ्या इयत्ता एकत्र. पुढच्या शिक्षणासाठी सोळाव्या वर्षी मुलं बोडोला किंवा आणखी कुठे खोली घेऊन राहतात, त्यासाठी सरकारी अनुदान मिळतं. वस्ती घटण्याचं मूळ इथे आहे. सोळाव्या वर्षी गेलेलं पोर तिशीत परत येईल की नाही, यावर शाळेतले पुढचे वर्ग ठरतात. मोठं रुग्णालय बोडोला. तातडीच्या वेळी हवाई रुग्णवाहिका, हवा असेल तर.

कॉड कमी होतोय का?

सध्या होय. नॉर्वे आणि रशिया मिळून दर वर्षी बॅरेन्ट्स समुद्रातल्या कॉडचा कोटा ठरवतात, युक्रेनचं युद्ध चालू असतानाही. २०२१ साली तो पावणेनऊ लाख टनांच्या वर होता. २०२५ साठी ३ लाख ४० हजार टन ठरला, तोपर्यंतचा १९९१ नंतरचा सर्वांत कमी. मासा दुर्मिळ झाला की भाव चढतो, आणि मच्छीमाराला तेवढा दिलासा मिळतो. वाळवणाऱ्याची मात्र पंचाईत. ताजा मासा आज विकून आज पैसे मिळतात, मांडवावर टांगला तर पैसे अडकतात, मजुरी लागते, आणि इटलीचं गिऱ्हाईक वर्षाअखेरीला किती देईल हे आधी कळत नाही. त्यात हिवाळे उबदार होत चाललेत, म्हणजे ती तापमानाची अरुंद पट्टीही सरकते आहे.

सुका कॉड घरी आणला तर करायचा काय?

आधी भिजवा. पूर्ण मासा असेल तर पाच ते सात दिवस, फ्रीजमध्ये, पाणी रोज बदलून. घरात दुसरं कुणी राहत असेल तर भांड्याला झाकण हवं. फुगला, मऊ झाला की काटे आणि कातडं काढा.

व्हिचेंझाची रीत अशी: कांदा ऑलिव्ह तेलात परता, थोडे खारवलेले अँचोव्ही त्यात विरघळवा, पिठात घोळवलेले माशाचे तुकडे पातेल्यात दाटीने लावा, किसलेलं चीज, दूध आणि भरपूर तेल वरून घाला, आणि मंद आचेवर चार-साडेचार तास ठेवा. मध्ये पळी घालायची नाही. पातेलं नुसतं हलवायचं. ढवळलं की तुकडे मोडतात आणि सान्द्रिगोतली मंडळी नाराज होतात.

दुसरी रीत मालवणी वाटण, तिरफळ आणि आमसूल. यावर सान्द्रिगोचं मत विचारलेलं नाही. मासा जाड असल्याने रस्सा आधी पूर्ण उकळू द्या, तुकडे शेवटच्या दहा मिनिटांत सोडा, आणि मीठ बेतानेच घाला. या माशात मीठ अजिबात नसतं, म्हणून आपला हात उगाच सैल सुटतो.